लग्न मोडल्यावर हिऱ्याची अंगठी विकायची आहे? येण्याआधी एवढं वाचा

हे पत्रक आम्ही आमच्याकडे अंगठी घेऊन येणाऱ्यांसाठी लिहिलंय. आमचा धंदा छोटा आहे, वापरलेले हिऱ्याचे दागिने विकत घेणं आणि विकून देणं एवढंच करतो, आणि रोज तेच चार-पाच प्रश्न येतात. काउंटरवर माणूस आधीच अवघडलेला असतो, अशा वेळी आम्ही तोंडाने सांगितलेलं निम्मं डोक्यावरून जातं, म्हणून म्हटलं एकदा कागदावरच उतरवू, घरी बसून निवांत वाचता येईल.

सगळ्यात आधी, अंगठी तुमचीच आहे ना? हे उद्धटपणे विचारत नाही. घटस्फोटाची केस अजून चालू असेल, वाटणी व्हायची असेल, तर अंगठी विकू नका, आम्ही घेणारही नाही. लग्न ठरवताना दिलेली अंगठी कोणाची, लग्नानंतर ती कोणाची, सासरची वडिलोपार्जित असेल तर काय, याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत आणि आम्ही वकील नाही. तुमच्या वकिलाला विचारा, समोरच्याची हरकत नसेल तर ते लेखी घ्या, मेसेजवर ‘ओके’ आलंय त्याच्यावर विसंबू नका. आणि तोडगा निघायच्या आधी रागाच्या भरात विकून टाकलेली अंगठी पुढे हिशोबात निघाली की फार मनस्ताप होतो, हे आम्ही पाहिलंय.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैसे.

तुमच्या डोक्यात जो आकडा आहे तो बिलाचा आहे. आम्ही जो आकडा सांगू तो त्याच्यापेक्षा बराच कमी असेल, बऱ्याचदा निम्म्याच्याही आत, आणि तुम्हाला वाटेल हे लुटायला बसलेत. वाटणं साहजिक आहे. पण बिलात काय काय होतं बघा: हिरा, सोनं, घडणावळ, दुकानाचं भाडं, पगार, जाहिरात, दुकानदाराचा नफा, वर टॅक्स. यातलं विकताना परत फक्त दोनच गोष्टींचं येतं, हिऱ्याचं आणि धातूचं. आणि हिऱ्याचंही कसं, तर तसाच हिरा व्यापाऱ्याला होलसेलमध्ये सुटा मिळतो, तोही सर्टिफिकेटच्या कागदासकट, उधारीवर, नाही खपला तर परत करायच्या बोलीवर. मग तुमचा हिरा त्याने रोख पैसे देऊन का घ्यावा? त्यापेक्षा स्वस्त असेल तरच घेईल. सगळा हिशोब एवढ्यावरच चालतो, त्यात लग्न मोडलंय याचा काही संबंध नाही, मोडलं नसतं तरी हाच भाव आला असता.

अजून एक कागद लोक घेऊन येतात, इन्शुरन्ससाठी केलेलं व्हॅल्युएशन. त्यावर बिलाहूनही मोठा आकडा असतो. तो आकडा म्हणजे अंगठी हरवली तर तशीच नवीन दुकानातून घ्यायला किती लागतील हा, विकायला गेलं तर किती येतील हा नव्हे. कागद टाकू नका, त्यात वजनं-मापं असतात ती उपयोगी पडतात, फक्त आकड्याकडे बघू नका.

आणि काही जण रॅपापोर्टची यादी, म्हणजे हिऱ्यांच्या भावांची यादी, मोबाईलवर काढून दाखवतात. ही यादी १९७८ पासून निघते, हिऱ्याच्या धंद्यातले लोक तिच्यावरून भाव बोलतात हे खरं, पण बोलतात ते यादीच्या किती टक्के खाली असं. आणि ती सुट्या, पैलू पाडलेल्या हिऱ्यांची आहे, दोन-पाच वर्षं बोटात वापरलेल्या अंगठीची नाही.

हिरा गुंतवणूक आहे, कधी उतरत नाही, हे जे आपल्या मनात पक्कं बसलंय ते जाहिरातींनी बसवलंय. हिरा म्हणजे कायमचा, ही डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीची प्रसिद्ध ओळ १९४७ ची, फ्रान्सिस गेरेटी नावाच्या कॉपीरायटर बाईंनी लिहिलेली. त्यांनी स्वतः कधी लग्न केलं नाही. असो.

हिऱ्याचं काय बघतो

कॅरेट म्हणजे वजन, ०.२ ग्रॅम. हे माप १९०७ मध्ये ठरलं, आज जगभर हेच धरतात. त्याचे शंभर सेंट, म्हणजे पन्नास सेंटचा हिरा अर्ध्या कॅरेटचा. सोन्याचा कॅरेट वेगळा, तो शुद्धतेचा, या दोघांचा घोळ रोज होतो. तुमच्याकडे कागद नसेल आणि हिरा गोल असेल तर घरी पट्टी लावून बघा, साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद म्हणजे एक कॅरेटच्या आसपास, पाच मिलिमीटरच्या थोडं वर म्हणजे अर्धा. हो, अर्ध्या वजनाचा हिरा दिसायला अर्धा नसतो.

यात एक गंमत आहे जी दुकानात घेताना कोणी सांगत नाही. भाव वजनाप्रमाणे सरळ चढत नाही, पायऱ्या असतात. अर्धा कॅरेट, ०.७०, ०.९०, एक, दीड. एक कॅरेट पूर्ण असलेला आणि ०.९७ चा, डोळ्याला सारखेच, पण एक ओलांडला की प्रत्येक कॅरेटमागचा भाव उडी मारतो. आता विकताना हे उलटं कसं लागतं बघा. हिरा सगळ्यात कठीण, मोह्सच्या मापावर १०, त्याला ओरखडा फक्त हिराच पाडू शकतो हे बरोबर. पण कठीण म्हणजे अभंग नव्हे, ठराविक दिशांनी तो सरळ फुटतो. ओट्यावर, दाराच्या कडीवर, जिमच्या रॉडवर हात आपटतो तेव्हा कडेचा बारीक टवका निघतो, आणि तो नेमका प्रॉंगच्या, म्हणजे हिरा धरणाऱ्या नख्यांच्या, खाली लपलेला असतो त्यामुळे हिरा काढल्याशिवाय दिसत नाही. असा हिरा पुन्हा पॉलिशला द्यावा लागतो, त्यात वजन जातं, आणि तुमचा हिरा १.०१ होता तो ०.९७ झाला की पायरीवरून खाली आला. म्हणून हिरा काढून बघितल्याशिवाय आम्ही पक्का आकडा देत नाही, आधी सांगतो तो अंदाज. काढायचा तो तुमच्यासमोर, आणि आधी तुमची सही घेऊन, कारण जुने प्रॉंग काढताना तुटू शकतात.

रंग डी पासून झेड पर्यंत, डी म्हणजे पूर्ण बिनरंगी, पुढे पुढे पिवळट. पिवळ्या सोन्यात बसवलेल्या हिऱ्याचा रंग नीट कळतच नाही, सोन्याची झाक मारते, त्यामुळे कोंदणात असताना कोणी छातीठोकपणे ‘हा एफ कलर आहे’ म्हणाला तर समजा अंदाजाने बोलतोय. आतले डाग दहा पट भिंगातून बघतात, त्यावरून प्रत ठरते, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय वगैरे, डाग जसे जास्त तशी पुढची. कट, म्हणजे पैलू कसे पाडलेत ते, महत्त्वाचा, पण हे सगळं इथे लिहीत बसलो तर पत्रकाचं पुस्तक होईल, काउंटरवर भिंगातून दाखवतो, मजा पण येते बघायला.

जुनी, आजीच्या काळातली अंगठी असेल, हिरा पूर्ण गोल नसून जरा उशीसारखा आणि वरून बघताना मधोमध बारीक टिकली दिसत असेल, तर हात लावू नका, तो जुन्या पद्धतीचा कट असू शकतो. आजचे गोल ब्रिलियंट बरेचसे १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीने मांडलेल्या गणिताच्या वाटेने कापले जातात, हे त्याच्या आधीच्या वळणाचे. याला आवडीने शोधणारी गिऱ्हाइकं आहेत. कोणी म्हणालं ‘नव्यासारखा कापून घ्या मग भाव येईल’ तर नम्रपणे नाही म्हणा.

लॅबमध्ये बनवलेला हिरा

हा भाग वाचताना काही जणांना वाईट वाटेल. प्रयोगशाळेतला हिरा म्हणजे नकली नव्हे, तो खराच हिरा, कार्बनच. १९५४ मध्येच जनरल इलेक्ट्रिकमध्ये ट्रेसी हॉलने दाब आणि उष्णता देऊन बनवला होता, आता सीव्हीडी नावाच्या दुसऱ्या पद्धतीनेही बनतो, थरावर थर चढवून. पण बनवता येतो म्हणजे हवा तेवढा बनवता येतो, आणि गेल्या काही वर्षांत त्याचे भाव इतके कोसळलेत की तुम्ही दिलेल्या पैशांच्या मानाने परत फारच थोडं मिळतं, कधी कधी हिऱ्यापेक्षा खालच्या सोन्याचंच जास्त निघतं. बरेच व्यापारी वापरलेला लॅब हिरा घेतच नाहीत. बिलावर, सर्टिफिकेटवर ‘लॅब ग्रोन’ लिहिलंय का आधी घरीच बघून या.

हातातल्या पेनसारख्या टेस्टरवर भरवसा नको. तो उष्णता किती पटकन वाहते ते बघतो, त्यामुळे लॅबचा आणि खाणीतला हिरा त्याला सारखाच. एक गृहस्थ आले होते, घरी टेस्टर मागवून चारदा तपासून, अगदी खात्रीने, आणि निघालं मॉयसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा. मॉयसनाइटही उष्णता चांगली वाहून नेतो, साधा टेस्टर फसतो. भिंगातून तिरकं बघितलं की मागच्या पैलूंच्या कडा डबल दिसतात, त्यावरून लगेच कळलं. त्यांचा चेहरा अजून आठवतो, त्यांनीच घेतली होती अंगठी, आणि घेताना हिऱ्याचे पैसे मोजले होते.

कागद

जीआयए, आयजीआय, एचआरडी अशा हिरे तपासणाऱ्या लॅबचं सर्टिफिकेट असेल तर ते शोधा, कपाटं उपसा, नाही सापडलं तर ज्या दुकानातून घेतली त्यांच्याकडे कॉपी मागा. बऱ्याच हिऱ्यांच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेसरने नंबर कोरलेला असतो, भिंगातून वाचता येतो, त्यावरून लॅबच्या साइटवर रिपोर्ट निघतो. कागद अजिबात नसेल तर नवीन काढायचा का, हा प्रश्न येतो. मोठा, चांगला हिरा असेल तर काढा, छोट्याला लॅबची फीच अंगावर येईल. जीआयए ग्रेडिंग सुट्या हिऱ्याचंच करते, म्हणजे कोंदणातून काढणं आलंच.

सर्टिफिकेटचा फोटो नंबरासकट सोशल मीडियावर टाकू नका. तो नंबर दुसऱ्या हलक्या हिऱ्याला चिकटवून विकणारे महाभाग आहेत.

आणि हिरा बदलला जाईल ही भीती मनात असेल तर ती बोलून दाखवा, आम्हाला राग येत नाही. घरून निघायच्या आधी अंगठीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वजन करता आलं तर करा, आमच्याकडे भिंगातून नंबर आणि आतले डाग स्वतः बघा, प्रत्येक हिऱ्याचे डाग वेगळे असतात, एकदा बघितले की ओळखता येतात. अंगठी आमच्याकडे ठेवून जाणार असाल तर वजन, नंबर, खुणा लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दुकानातून पाऊल बाहेर टाकू नका. आमच्याच नाही, कोणाच्याही.

धातूचं थोडक्यात. आतून शिक्का बघा, ७५० म्हणजे १८ कॅरेट सोनं, ५८५ म्हणजे १४, ९५० बहुधा प्लॅटिनम. पांढरं सोनं वरून रोडियमचा मुलामा दिलेलं असतं, प्लॅटिनम समजून लोक खूश होतात आणि मग नाराज. प्लॅटिनमचा भाव धातू म्हणून जेवढा दिसतो तेवढा हातात येत नाही, ते १७६८ अंशाला वितळतं, सोनं १०६४ ला, छोट्या भट्टीत ते जमत नाही. बाजूचे बारीक बारीक हिरे जे असतात त्यांचे बिलात बरेच लावलेले असतात, परत घेताना जवळपास काही धरत नाहीत, काढायची मजुरीच जास्त होते.

कसं विकायचं

आम्ही रोख घेतो तेव्हा भाव सगळ्यात कमी, पण त्याच दिवशी विषय संपतो. दुसरं, जांगडवर ठेवा, म्हणजे अंगठी आमच्याकडे, मालकी तुमची, गिऱ्हाईक मिळालं की आमचं कमिशन कापून पैसे तुमचे, भाव बरा येतो पण महिने जातात आणि कधी कधी विकली जातच नाही. तिसरं, तुम्ही स्वतः थेट कोणाला तरी विकणं, यात सगळ्यात जास्त सुटतात, आणि डोक्याला ताप पण सगळ्यात जास्त, अनोळखी माणसाला घरी बोलावू नका, भेटायचं तर सराफाच्या दुकानात नाहीतर बँकेत, त्याच्यासमोर तपासून घ्या आणि पैसे खात्यात आल्याशिवाय अंगठी द्यायची नाही. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर अर्ध्या कॅरेटच्या आतल्या हिऱ्यासाठी एवढी उठाठेव करू नका, मोठा असेल तर नक्की करा, आणि तीन ठिकाणी तरी भाव विचारा. आम्ही त्या तिनातले एक असलो तरी पुरे.

घाई नसेल तर थांबा. हिरा काही खराब होत नाही, तो एक ते तीन अब्ज वर्षं जुना आहे, त्याला अजून सहा महिन्यांनी काही फरक पडत नाही. लॅबचा असेल तर मात्र थांबून फायदा दिसत नाही.

येताना अंगठी धुऊन आणा, कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, बस. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो म्हणून तो मंद दिसतो. ब्लीचमध्ये बुडवू नका, क्लोरीन सोन्यातले दुसरे धातू खातं आणि प्रॉंग कमजोर होतात.

बोटातून निघत नसेल तर ओढाताण करू नका, तशाच या. साबणाने, दोऱ्याने बहुतेक निघते, नाहीच निघाली तर मागून कापतो, अंगठी मोडीत जाणार असेल तर सोनं वजनावर जात असल्यामुळे कापल्याने तुमचं काही नुकसान होत नाही. आणि आतल्या बाजूला नावं, तारीख कोरलेली असेल, ती घेऊन यायला संकोच वाटतो, काही जण आधी कुठेतरी घासून पुसून आणतात. तसं करू नका, घासलं की तेवढं सोनं भुकटी होऊन जातं, आणि अंगठी मोडीत गेली की ती अक्षरं भट्टीत तशीही राहत नाहीत.