पट आणि हजेरी : रुबिनच्या माहितीतले ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘सोर्स’

चिलीतल्या सेरो पाचोन डोंगरावरच्या रुबिन वेधशाळेची माहिती कशी वापरायची, हे ऑनलाइन सत्रांत शिकता येतं. मी शिकायला बसलो तेव्हा पहिला घोळ दोन कोष्टकांच्या नावांत झाला. आकाशाच्या एका छोट्या वर्तुळात किती तारे-दीर्घिका आहेत ते मोजायचं होतं. मी ‘सोर्स’ कोष्टकाला विचारलं. क्वेरी बिनतक्रार चालली, एरर आली नाही, आणि आकडा खऱ्यापेक्षा कितीतरी पट मोठा आला. एरर आली असती तर बरं झालं असतं. असं चुकीचं उत्तर लक्षातच येत नाही.

शाळेतला पट आणि हजेरी आठवा. पटावर मुलाचं नाव एकदाच असतं. हजेरी रोज लागते. महिन्याभराच्या हजेरीतल्या खुणा मोजून ‘शाळेत इतकी मुलं आहेत’ असं कोणी म्हणत नाही. ‘ऑब्जेक्ट’ हा पट आहे आणि ‘सोर्स’ ही हजेरी. एकच तारा पन्नास फोटोंत दिसला, तर ऑब्जेक्टमध्ये त्याची एक ओळ आणि सोर्समध्ये पन्नास.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. ताऱ्यांची यादी करणाऱ्या ‘गाइया’ उपग्रहाच्या माहितीच्या तिसऱ्या प्रकाशनातल्या ‘गाइया सोर्स’ या मुख्य कोष्टकात प्रत्येक ताऱ्याला एकच ओळ आहे; चौतीस महिन्यांची निरीक्षणं तिच्यात एकवटली आहेत. म्हणजे तिथे ‘सोर्स’ हाच पट. गाइयावर हात बसलेला माणूस रुबिनकडे आला की नेमका इथे फसतो.

रुबिनच्या माहितीची पहिली झलक, ‘डेटा प्रिव्ह्यू १’, ३० जून २०२५ रोजी आली. २०२४च्या अखेरीस चाचणीच्या छोट्या कॅमेऱ्याने घेतलेले १,७९२ फोटो त्यात आहेत. सात ठिकाणं, मिळून साधारण १५ चौरस अंश आकाश. एकाच जागेचे फोटो एकमेकांवर रचून जे खोल चित्र बनतं, त्याला ‘कोअ‍ॅड’ म्हणतात. ऑब्जेक्टची यादी त्यावरून होते; इथे ती सुमारे २३ लाखांची आहे. सोर्सची यादी मात्र एकेकट्या फोटोवरून बनते. त्या फोटोतल्या गोंगाटाच्या (प्रकाशाच्या मोजणीतल्या आपोआप होणाऱ्या चढउताराच्या) पाचपट ठळक असेल तेच नोंदलं जातं.

म्हणून दोन याद्यांत फरक फक्त संख्येचा नाही. शंभर सारखे फोटो रचले की गोंगाटाच्या तुलनेत प्रकाश दहापट उठून दिसतो, म्हणजे अडीच प्रतींनी (प्रत हे ताऱ्यांचं तेज मोजायचं लॉगॅरिथमी माप) अंधुक वस्तूही सापडतात. अशा कितीतरी दीर्घिका पटावर आहेत, पण त्यांची हजेरी एकदाही लागलेली नाही. उलट, एखाद्या रात्री चौकटीतून सरकत गेलेला लघुग्रह हजेरीत सापडेल, पटावर नाही; फोटो रचताना असे पाहुणे गाळले जातात.

आता समजा, कोणाला रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्याचा प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) काढायचा आहे. ऑब्जेक्टकडे रात्रीगणिक आकडे नाहीत, म्हणून मन सोर्सकडे धावतं. तारा ठळक असेल तर चालतं. पण तो दिसण्याच्या उंबरठ्यावर असेल, तर उजळ असतानाच त्याची नोंद होते आणि मंदावला की ओळच गायब. उरलेल्या ओळींवरून काढलेला वक्र ताऱ्याला खऱ्याहून तेजस्वी ठरवतो. माझ्या मते या सत्रांत सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यायला हवा, कारण इथली चूक थेट शोधनिबंधापर्यंत जाऊ शकते.

यावर उपाय म्हणून तिसरं कोष्टक आहे, ‘फोर्स्ड सोर्स’. मास्तरांनी पट हातात घेऊन रोज प्रत्येक मुलाच्या बाकापाशी जावं आणि मूल असो-नसो, काय दिसलं ते लिहावं, तसं. पटावरच्या प्रत्येक जागी, ती ज्या ज्या फोटोत आली त्या प्रत्येकात, प्रकाश मोजलेला असतो. तारा दिसला नाही त्या रात्रीचाही आकडा मिळतो.

त्यातले काही आकडे ऋण असतील. ते काढून टाकू नका. पार्श्वभूमी वजा केल्यावर गोंगाटामुळे बेरीज शून्याखाली जाऊ शकते, आणि संदर्भचित्र (तुलनेसाठी त्याच जागेचं रचलेलं चित्र) वजा करून मोजलेल्या प्रकाशात ऋण आकड्याचा अर्थ ‘तारा संदर्भापेक्षा मंद होता’ इतकाच. घाईने सगळं प्रतींत बदललं, तर ऋण संख्येचा लॉगॅरिथम निघत नाही आणि त्याच रात्री पुन्हा गळतात, ज्या सोर्समध्ये गळल्या होत्या. वक्र नॅनोजान्स्कीतच, म्हणजे प्रकाश थेट मोजण्याच्या एककातच, काढा.