ताहिती ते मादागास्कर: एकाच उजळणीचा माग

कॅप्टन कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावर जोसेफ बँक्स नावाचा निसर्गअभ्यासक होता. 1769 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर त्याने एक ते दहा आकडे टिपून घेतले आणि पुढे परतीच्या वाटेवर रोजनिशीत ते मलय, जावानी आणि मादागास्करच्या आकड्यांशेजारी मांडले. पाचाला ताहितीत रिमा, मलयात लिमा, मादागास्करमध्ये दिमी. साम्य डच पंडित रेलांड यांना 18व्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं, पण बँक्सचा तक्ता पाहिला की शंकेला जागाच राहत नाही.

त्या जुन्या टिपणांचं मोल आज आणखी वाढलंय. ताहितीत राजाच्या नावाशी जुळणारे शब्द वर्ज्य करण्याची प्रथा होती. तिच्यापायी कितीतरी रोजचे शब्द बदलले. आज तिथे दोनाला ‘पिती’ आणि पाचाला ‘पाए’ म्हणतात; बँक्सने ऐकलेले ‘रुआ’, ‘रिमा’ मागे पडले.

लिमाचा मूळ अर्थ हात. हवाईत आजही हात आणि पाच दोन्ही ‘लिमा’च. मलयने हातासाठी ‘तांगान’ घेतला, पाच मात्र जुनाच ठेवला. बोटांवरची मोजणी मलयच्या नवातही दिसते: ‘संबिलान’, म्हणजे दहातून एक काढून घेतलेला.

1841 च्या सुमारास फ्रान्झ बॉप या नामांकित जर्मन भाषापंडिताने या भाषांचं नातं थेट संस्कृतशी जोडायचा घाट घातला. मलय ‘दुआ’ आणि आपला ‘द्वि’ शेजारी ठेवले तर मोह होतोच! पण तैवानच्या पाझेह भाषेत दोनाला ‘दुसा’ म्हणत. मधला स जुना, मलयमध्ये तो गळला. संस्कृतचं खरं देणं मोठ्या आकड्यांत आहे, तेही घसरलेल्या किमतीत: जुन्या मलय-जावानीत ‘लक्सा’ म्हणजे दहा हजार आणि कोटीवरून आलेला ‘केती’ म्हणजे एक लाख.

आता वाद तैवानात येऊन थांबलाय. ताहितीपासून मादागास्करपर्यंतच्या या सगळ्या भाषांच्या कुळाला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात; त्याचं मूळ तिथलं, हे बहुतेकांना मान्य आहे. पण पाझेहमध्ये सात म्हणजे ‘खासेबिदुसा’, सरळ पाच आणि दोन. फ्रेंच अभ्यासक लोराँ सागार यांनी 2004 मध्ये मांडलं की फिलिपिन्सपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेला ‘पितु’ (फिलिपिन्समध्ये ‘पितो’, न्यूझीलंडच्या माओरीत ‘फितु’) हा अशाच लांबलचक बेरजेचा झिजून उरलेला तुकडा आहे. म्हणजे सहा ते नऊचे शब्द कुळाच्या मुळाशी नव्हते, ते तैवानातच पुढे टप्प्याटप्प्याने घडले. रॉबर्ट ब्लस्ट यांच्यासारख्या जाणकारांना हे पटलं नाही. त्यांच्या मते ‘पितु’ मुळापासूनचाच. पाझेहने तो टाकला आणि मागाहून बेरीज जुळवली.