सांडपाणी शुद्धीकरण, लहान गावांतील

घरातून वापरून बाहेर पडलेले पाणी ओढ्यात, नदीत वा शेतात जाण्यापूर्वी त्यातील सेंद्रिय घाण व रोगजंतू कमी करण्याची प्रक्रिया. जुन्या मराठीत ‘सांडणे’ म्हणजे टाकणे, त्यागणे. हे पाणी नकोसे असल्याचे शब्दातच आले. मोरीचे पाणी आणि संडासाचे मैलापाणी वेगवेगळे धरण्याची पद्धत आहे. येथे मुख्यतः पुणे जिल्ह्यातील गावांचा विचार केला आहे.

मोरीचे पाणी परसात अळू, केळी, कर्दळ यांना सोडण्याची रीत सर्वपरिचित आहे. पाणी हंड्या-घागरींनी येत होते तोवर ती पुरली. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) दरडोई रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्याचे सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे मानल्यास १०,००० वस्तीच्या गावात रोज ४.४ लाख लिटर जमते. एवढे पाणी मुरवण्याचा शोषखड्डा मुरमाड जमिनीत चांगला चालतो. दौंड-इंदापूरकडची काळी माती मात्र ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा तुंबतो. मावळ-मुळशीत भर पावसाळ्यात जमीनच पाण्याने भरलेली असते.

मैलापाण्यासाठी सेप्टिक टाकी रूढ आहे. तिच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. फ्रान्समध्ये झां-लुई मुरास याने सु. १८६० मध्ये अशी टाकी बांधली व १८८१ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. इंग्लंडात एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन याने सु. १८९५ मध्ये सुधारित टाकी उभारली. ‘सेप्टिक टँक’ हे नाव त्याचे. कल्पना मुरासची व प्रसार कॅमेरॉनचा, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. याच संदर्भात, मैल्यापासून जळाऊ वायू मिळवणारे पहिले संयंत्र मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८५९ मध्ये सुरू झाले, असे विधान पुष्कळ ठिकाणी आढळते. पण ती वसाहत १८९० ची. ती काढण्यात पुढाकार घेणारे पालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ (मराठी पोवाड्यांचे संग्राहक ते हेच) यांच्या कारकीर्दीआधी तीस वर्षे तेथे संयंत्र असणे संभवत नाही. सु. १८९७ हा दुसरा निर्देश ग्राह्य वाटतो. पहिला एकाचे पाहून दुसऱ्याने उतरवला असावा.

टाकीत गाळ तळाशी बसतो, तवंग वर राहतो व मधले पाणी बाहेर पडते. त्यातील सेंद्रिय भार फार तर निम्म्याने घटतो, रोगजंतू बरेचसे तसेच राहतात. म्हणून ते पुढे शोषखड्ड्यात जायला हवे. जाते ते बहुधा उघड्या गटारात. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो, पण संडास तुंबेपर्यंत मैल्याची गाडी कोणी बोलावत नाही. संरक्षक साधनांविना माणूस टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

सामूहिक उपायांत स्थिरीकरण तळे सर्वांत सोपे. सुमारे १ ते १.५ मी. खोल पाण्यात शेवाळ उन्हावर ऑक्सिजन तयार करते व त्यावर जिवाणू घाण पचवतात. भारतीय मानकांनुसार तळ्यावर किती सेंद्रिय भार टाकायचा ते अक्षांशावरून ठरते : २० अंशांवर हेक्टरी रोज २५० किग्रॅ. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), १६ अंशांवर २७५. पुण्यासाठी (१८.५ अंश) तो २६० च्या आसपास येतो. ही मागणी दरडोई रोज ४५ ग्रॅम धरल्यास १०,००० वस्तीला १.७ हेक्टर, म्हणजे सव्वाचार एकर तळे लागते. उसाच्या पट्ट्यात गावालगत एवढी जागा सोडायला कोण तयार होणार? जागा कमी असेल तर खडीच्या वाफ्यांत पाणवनस्पती लावतात. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची फायटोरिड पद्धत याच जातीची. परसातली कर्दळ अशा वाफ्यांतही दिसते.

पाण्यात हवा सोडून गाळातील जिवाणूंकडून घाण पचवणाऱ्या सक्रियित गाळ पद्धतीला (मँचेस्टर, १९१४) जागा थोडी पण हवेचे पंप अखंड लागतात. वीज गेली की जिवाणू गुदमरतात. लहान ग्रामपंचायतीला ती पेलणे अवघड.

पुणे शहराचे प्रक्रिया केलेले पाणी मुंढव्याहून उचलून जुन्या बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला देतात. गावांतले पाणी, प्रक्रियेविना, ओढ्यावरच्या मोटारींनी उसाला जाते.