समुद्राखालची दरड आणि त्सुनामी : शोधामागचा इतिहास

१८ नोव्हेंबर १९२९ रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या दक्षिणेला समुद्रात ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मागोमाग आलेल्या लाटांनी २८ बळी घेतले. त्याच दिवशी अटलांटिकच्या तळावरच्या १२ तारयंत्र केबल तुटल्या. भूकंपाजवळच्या लगेच तुटल्या, पण खोल पाण्यातल्या एकामागून एक, आणि शेवटची तर १३ तासांनंतर. भूकंपाचा धक्का इतका रेंगाळत नाही. १९५२ मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस यूइंग या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी या वेळा मांडून, दरड कोसळल्यावर तळावरून धावत केबल तोडत गेलेल्या गाळाच्या लोंढ्याचा वेग काढला. कोणी मुद्दाम मांडलेला हा प्रयोग नव्हता. तुटलेल्या तारांनीच समुद्राखालची दरड मोजून दिली. या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा पुरावा हाच.

तरी त्सुनामी म्हटली की भूकंप, हीच समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली. १७ जुलै १९९८ ला पापुआ न्यू गिनीत ती हलली. भूकंप ७ तीव्रतेचा, लाटा मात्र १५ मीटरपर्यंत, मृत्यू २,००० हून जास्त. हिशेब जुळेना. मग दूरच्या वेक बेटाजवळच्या पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांच्या नोंदीत भूकंपानंतर साधारण १३ मिनिटांनी उठलेला वेगळा आवाज सापडला, आणि सोनार (ध्वनिलहरींनी तळ पाहणारं यंत्र) लावलेल्या जहाजांना तळावर कोसळलेला कडा दिसला. म्हणजे लाटांमागे दरड होती.

आपल्या किनाऱ्यासमोरही अशी एक दरड आहे. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उतारावरून सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी कोसळलेली ‘नटराज’. तिच्यात अंदाजे १९,००० घन किलोमीटर माल आहे. २०१५ मध्ये ‘जॉयडेस रेझोल्यूशन’ जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात छिद्रं घेऊन तिचे नमुने काढले; मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी धनंजय पांडे हे वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन संस्थेतले. गाळातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून दरडीचं वय काढता येतं. लाट केवढी उठते हे मात्र मालाच्या आकारासोबत तो किती वेगाने आणि किती खोलीवर सुटला यावर ठरतं. त्यासाठी पाण्याच्या टाक्यांतले प्रयोग आणि संगणकीय प्रतिमानं लागतात.

इशाऱ्याचं काम याहून अवघड आहे. २२ डिसेंबर २०१८ ला इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळली. मोठा भूकंप नव्हता, म्हणून इशाराही नव्हता. ४०० हून जास्त माणसं गेली. हैदराबादहून २००७ पासून चालणारी आपली यंत्रणाही आधी भूकंपाची नोंद घेते, नंतर तळावरच्या दाबमापकांकडे आणि किनाऱ्यावरच्या भरतीमापकांकडे पाहते. दरडीच्या बाबतीत या मापकांवरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून ते जास्त हवेत आणि दाट हवेत. सप्टेंबर २०१३ मध्ये बलुचिस्तानात भूकंप झाला तो जमिनीवर, समुद्रापासून बराच आत; तरीही ओमानच्या भरतीमापकावर त्सुनामी उमटली. तिच्यामागे मकरानच्या, म्हणजे बलुचिस्तानच्या किनाऱ्यालगतच्या, समुद्राखालच्या उतारावरची दरड असावी, असा अनेक संशोधकांचा कयास आहे.