छातीवरची ऊब आणि सिस्टरच्या हातातली नळी

माझी भाची ३२व्या आठवड्यात जन्मली, वजन दीड किलोलाही कमी. ठाण्यातल्या एका एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, काचेबाहेर उभं राहून त्या दिवसांत मी बाळापेक्षा सिस्टरांचे हातच जास्त पाहिले.

'बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवा' (याला 'कांगारू मदर केअर' किंवा केएमसी म्हणतात) हे सांगायला सोपं आहे. करताना आधी सीपॅपच्या, म्हणजे श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राच्या, नळीत साचलेलं पाणी काढायचं, चिकटपट्ट्या तपासायच्या, सलाईनची नळी ओढली जाणार नाही एवढी सैल ठेवायची. मग एकीने बाळ उचलायचं, दुसरीने नळ्या सांभाळायच्या. मान एका बाजूला आणि किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून कापड बांधायचं. तेवढ्यात पलीकडच्या बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचा अलार्म वाजतो.

अशा बाळाच्या अंगात ऊब तयार करणारी तपकिरी चरबी पुरेशी साठलेली नसते. ती साठते गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत. त्यात वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, म्हणून अंग भराभर गार पडतं आणि वाढीसाठी लागणारी शक्ती ऊब राखण्यातच संपते. आईच्या छातीवर ही ऊब आयती मिळते, श्वास आणि ठोके स्थिर होतात, आईला दूधही चांगलं येतं.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडत होत्या, जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. त्यामुळे 'कांगारू मदर केअर' म्हणजे गरिबाघरचा उपाय, असा समज बरीच वर्षं राहिला. २०२१मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १ ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच केएमसी दिलं गेलं. त्यांच्यात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के.

मग सिस्टर का कचरतात? अनेक देशांतल्या पाहण्यांत हेच दिसतं की बहुतेक जणींना फायदा पटलेला असतो. पण बाळाला व्हेंटिलेटर किंवा नाळेतून घातलेली नळी असली की हात थांबतो. नळी निसटली तर जबाबदार कोण, हा प्रश्न त्यांनाच विचारला जातो. मला ही भीती अगदी रास्त वाटते. प्रशिक्षणाने आणि चार-दोन वेळा स्वतः करून पाहिल्याने ती कमी होते. पण एका सिस्टरकडे किती बाळं आहेत आणि आईला टेकायला धड खुर्ची आहे का, हे प्रशिक्षणाने बदलत नाही.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. माझी बहीण दिव्याहून लोकलने यायची, टाके ओले असताना. चार तास कसेबसे व्हायचे. एका संध्याकाळी सिस्टरनेच विचारलं, "ताई, बाबा कामावरून कधी सुटतात?"

आठ वाजता भावजी आले. सिस्टरने त्यांना हात कोपरापर्यंत धुवायला लावले, शर्ट काढायला सांगितला, स्वतः नळी धरली. "पाठ टेका. आता हलू नका, तिला झोपू दे."