गादीखालचे गोळे

१९७६ साली चार्ल्स मोर्टेल आणि जेम्स हॅन्ली यांनी कॅन्सरतज्ज्ञांची एक परीक्षा घेतली. मऊ गादीवर लहानमोठे १२ गोळे ठेवले, वर फोम अंथरला आणि १६ अनुभवी डॉक्टरांना चाचपून त्यांची मापं घ्यायला सांगितली. काही गोळे नेमके एकाच मापाचे होते. तरीही ‘गाठीत २५ टक्के घट म्हणजे उपचार लागू पडला’ हा निकष लावला, तर १९ ते २५ टक्के वेळा नसलेली घट ‘दिसत’ होती. निकष ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा चूक ७-८ टक्क्यांवर आली.

म्हणजे ५० टक्क्यांचा आकडा आला तो डॉक्टरांच्या बोटांच्या मर्यादेतून. पेशंट किती जगेल याच्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत गाठीच्या लांबी-रुंदीचा गुणाकार निम्म्यावर यावा, असं ठरलं. २००० साली गाठी मोजण्याचे ‘रेसिस्ट’ (RECIST) निकष आले, त्यात फक्त सर्वांत लांब व्यास मोजायचा आणि घट हवी ३० टक्के. हा ३० कुठून आला? ०.७ ला ०.७ ने गुणा, ०.४९ येतात. जुनाच निम्मा! सीटी स्कॅन मिलिमीटर दाखवू लागला, पण उंबरठा तोच राहिला.

रिपोर्ट वाचताना घरच्यांचा गोंधळ होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. समजा, निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज सुरुवातीला १०० मिलिमीटर होती, ती ६० वर आली आणि पुढच्या स्कॅनमध्ये ७५ झाली. ‘अजून पाव भाग कमीच आहे की!’ असं वाटतं. पण वाढ मोजतात ती सर्वांत कमी मापापासून. ६० वरून ७५ म्हणजे २५ टक्के वाढ. मर्यादा २० टक्क्यांची आहे, म्हणून रिपोर्टवर येतं ‘आजार वाढला’.

कधी मापच फसवं ठरतं. पचनमार्गातल्या ‘जिस्ट’ या गाठींवर इमॅटिनिब हे औषध दिलं, की गाठ आतून मरते, मऊ पडते, पण आकार फारसा बदलत नाही. म्हणून २००७ च्या चोई निकषांत सीटीवरची घनता १५ टक्क्यांनी घटली, तरी उपचार लागू पडला असं धरतात. लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, तर उपचारानंतर मेलेल्या पेशींचा व्रण उरतो, म्हणून पेट स्कॅनमध्ये गाठ किती साखर खेचते ते बघतात. साखर खेचणारी गाठ स्कॅनवर चमकते. आणि ही चमक जास्त की कमी, हे ठरतं त्याच पेशंटच्या यकृताच्या चमकेशी ताडून.