नवे दीपगृह आणि जहाजांचे दीपशुल्क : पार्श्वभूमी

किनाऱ्यावर नवे दीपगृह उभे राहिल्याची बातमी आली की त्याचा खर्च तेथून जाणाऱ्या जहाजांकडून वसूल होणार, असे वाक्य तिच्यात हमखास असते. हे वाक्य खोटे नाही, पण भारतापुरते ते अर्धेच खरे आहे. एका विशिष्ट दिव्यासाठी त्याच्यासमोरून जाणाऱ्या जहाजाने पैसे मोजावेत ही पद्धत येथे १९२७ च्या दीपगृह कायद्यानंतर उरलेली नाही. जहाज जे दीपशुल्क भरते, आणि बंदरावर ज्याला सर्रास ‘लाइट ड्यूज’ म्हणतात, ते देशाच्या सगळ्या किनाऱ्यावरील दिव्यांसाठी एकत्र भरलेले असते.

एकेका दिव्यासाठी वेगळी पट्टी घेण्याची रीत इंग्लंडमध्ये दीर्घकाळ चालली. सतराव्या शतकापासून तेथील राजसत्ता खासगी व्यक्तींना दिवा बांधण्याची आणि त्याबदल्यात जहाजांकडून टनभारानुसार आकार घेण्याची सनद देत असे. काही सनदा कमालीच्या किफायतशीर ठरल्या. १८३६ च्या कायद्याने हे खासगी दिवे विकत घेण्याचे ठरले, तेव्हा वेल्सच्या किनाऱ्याजवळील स्केरीज या एकाच दीपगृहासाठी १८४१ मध्ये ४,४४,९८४ पौंड मोजावे लागले. अमेरिकेने १७८९ मध्येच उलटा मार्ग धरून दिव्यांचा खर्च संघराज्याच्या तिजोरीवर टाकला होता. भारताने वसुलीचे तत्त्व इंग्लंडचे उचलले, मात्र ते खासगी सनदांचा काळ मागे पडल्यानंतरचे. १९२७ पूर्वी येथील दिवे वेगवेगळे प्रांतिक अधिकारी आणि बंदरे यांच्यात वाटलेले होते. त्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही.

खरा गुंता आहे तो १९२७ च्या कायद्यातील एका भेदाचा. कायद्याने दीपगृहांचे ‘सर्वसाधारण’ आणि ‘स्थानिक’ असे दोन वर्ग केले. सर्वसाधारण दीपगृह म्हणजे केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे तसे जाहीर केलेले दीपगृह, आणि स्थानिक म्हणजे जे सर्वसाधारण नाही ते. दिव्याची उंची, प्रकाशाचा पल्ला, बंदराच्या हद्दीपासूनचे अंतर किंवा त्या दिव्याच्या आधाराने किती जहाजे मार्ग काढतात यांपैकी कोणताही निकष या व्याख्येत नाही. पैशाचा सगळा हिशेब मात्र तिच्यावरच उभा आहे. सर्वसाधारण ठरलेल्या दिव्याची जबाबदारी केंद्राची आणि त्याचा भार सामाईक दीपशुल्कावर. स्थानिक राहिलेला दिवा ज्या बंदराचा किंवा स्थानिक अधिकाऱ्यांचा असेल त्यांनी स्वतःच्या उत्पन्नातून चालवायचा. स्थानिक दिव्यांची तपासणी करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला, खर्चाचा वाटा उचलण्याचे बंधन मात्र घेतले नाही.

ही विभागणी कागदावर जितकी सुटसुटीत दिसते तितकी समुद्रावर नाही. समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंचीवरचा दिवा पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण साडेअकरा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्याला दिसतो, आणि पाहणारा जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या उंच कक्षात, १५ मीटर उंचीवर उभा असेल तर हेच अंतर एकोणीस मैलांच्या आसपास जाते. प्रकाश तेवढा प्रखर असला, तर बंदराच्या मुखाशी उभारलेला दिवा त्या बंदरात कधीच न शिरणाऱ्या जहाजालाही आपले स्थान सांगतो. मुंबईच्या तोंडावरील खांदेरीचा १८६७ चा दिवा आणि कुलाब्याच्या दक्षिण टोकापलीकडील खडकांवरचा १८७५ चा प्राँग्जचा दिवा यांचे मुख्य प्रयोजन मुंबईत येणारी जहाजे सांभाळणे हेच होते. तरी दक्षिणोत्तर जाणाऱ्या जहाजाने ते पाहू नयेत अशी सोय कोणालाही करता येत नाही. अशा दिव्याचा लाभ नेमका कोणाचा, हा प्रश्न अधिसूचनेने मिटत नाही, फक्त खर्च कोणाच्या वहीत लिहायचा ते ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते कायद्याने येथे निकष द्यायला हवा होता. त्या काळी लवचीकता सोयीची वाटली असेल, पण तिच्यामुळे प्रत्येक नव्या मनोऱ्याचे भवितव्य प्रशासकीय मर्जीवर टांगले गेले.

मर्जीला लगाम म्हणून कायद्यात सल्लागार समिती होती. नवे दीपगृह कोठे बांधायचे, असलेल्याची जागा किंवा चमकण्याची लय बदलायची का, खर्च किती आणि शुल्काचा दर काय, या सर्व बाबतींत जहाजवाहतुकीशी संबंधितांच्या या समितीचे मत घेणे सरकारवर बंधनकारक होते. मत घेणे आणि मत मानणे यांतील अंतर मात्र कायद्याने मोकळेच सोडले.

वसुलीची यंत्रणा त्या तुलनेत अगदी रोखठोक होती. भारतीय बंदरात येणाऱ्या किंवा तेथून निघणाऱ्या जहाजाच्या टनभारावर आकारणी होई, मालकाच्या वतीने बहुधा एजंट सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे रक्कम भरी, आणि पावती दाखविल्याखेरीज बंदर सोडण्याचा परवाना मिळत नसे. एकदा शुल्क भरले की पुढील तीस दिवस त्या जहाजाला पुन्हा आकारणी नाही. त्यामुळे महिन्याभरात चार बंदरे करणारे जहाज आणि एकच बंदर गाठून परतणारे जहाज, टनभार सारखा असल्यास, सारखेच पैसे भरते, मग वाटेत पहिल्याने दुप्पट दिवे पाहिलेले का असेनात. सरकारी मालकीची, भाड्याने माल किंवा प्रवासी न नेणारी जहाजे आणि अगदी लहान नौका यांना सूट होती. परिणामी किनाऱ्यालगत रात्री मासेमारी करणारे, ज्यांना दिव्याची गरज सर्वाधिक, ते बहुतांशी शुल्काबाहेर राहिले आणि भार मोठ्या व्यापारी जहाजांवर पडला. यात अन्याय आहे असे म्हणणे कठीण आहे.

गेल्या काही दशकांत उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आल्यावर मोठ्या जहाजांचे डोळ्यांनी दिसणाऱ्या दिव्यावरील अवलंबन घटले आणि शुल्क कशासाठी, हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. ३१ जुलै २०२१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या सागरी दिशादर्शन साहाय्य कायद्याने १९२७ च्या कायद्याची जागा घेतली आणि या प्रश्नाचे उत्तर व्याख्या रुंदावून दिले. जहाजाबाहेरील साधन, प्रणाली आणि सेवा हे सारे त्यात आले, जहाज वाहतूक नियंत्रण सेवाही आली, आणि शुल्काच्या नावातून दीप गेला. जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून जपण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ‘सर्वसाधारण’ आणि ‘स्थानिक’ हा भेद मात्र नव्या शब्दरचनेतही कायम आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील ७५ दीपगृहांवरील पर्यटन सुविधांचे लोकार्पण झाले. मनोऱ्यांना माणसांची ये-जा लाभली हे चांगलेच, परंतु जहाजाने मार्गदर्शनासाठी भरलेला पैसा आणि पर्यटकासाठी केलेला खर्च यांच्या वह्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत, हा आग्रह गैर नाही.

म्हणून एखादे नवे दीपगृह प्रज्वलित होते त्या दिवशी जहाजांच्या देण्यात आपोआप काहीही वाढत नाही. नाविकांसाठीच्या सूचनेत त्याचे अक्षांश-रेखांश, उंची, पल्ला आणि चमकण्याची लय प्रसिद्ध होते. ते कोणत्या वर्गात मोडते हे एका अधिसूचनेने ठरते. आणि दर वाढवायचा झाल्यास त्यासाठी स्वतंत्र अधिसूचना काढावी लागते.